काकांचा डावरा

अमेरिकेच्या आठवणी म्हटल्यावर तुम्ही कसली तयारी करून बसलाय ते मला माहितीय. पहिला बर्फ, आईने बांधून दिलेल्या लोणच्याची संपत आलेली बरणी, एअरपोर्टच्या काचेपलीकडचे रडके चेहरे. तर तो रुमाल आधी खिशात घाला. आणि यात बेसबॉल आहे असं कुणाकडून तरी ऐकून जे पुढे सरसावून बसलेत, त्यांनीही जरा मागे टेका. मला आजही त्या खेळाचे निम्मे नियम कळत नाहीत. आयुष्यात एकदाही मी बेसबॉल धड फेकलेला नाही. मी फेकणाऱ्याची नक्कल करायचो, बस.

मी मूळचा बार्शीचा. शाळेच्या गॅदरिंगला मी हेडमास्तरांची नक्कल केली होती. ती इतकी जमली की हेडमास्तरांनी स्वतः टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवशी वडिलांना शाळेत बोलावून घेतलं. एवढ्या भांडवलावर मी दोन हजार एक साली शिकागोजवळ नेपरव्हिलला येऊन पडलो. व्हिसा होता, कॉम्प्युटरची नोकरी होती, फक्त मी पोचेपर्यंत प्रोजेक्ट कॅन्सल झालं होतं. कंपनी म्हणाली, थोडं थांबा. कुठे थांबा ते काही म्हणाली नाही. तेव्हा आमच्या गावच्या डॉक्टरांच्या मावसभावाचा फोन नंबर कामी आला. तेच हे काका.

न बघितलेल्या पोराला घ्यायला काका स्टेशनवर आले. माझी ती बोजड बॅग त्यांनी डाव्या हाताने उचलून डिकीत टाकली, गाडी सुरू केली आणि रेडिओ लावला. मी पाठ करून ठेवलेलं वाक्य काढलं, की काका, तुम्हाला उगाच त्रास. काकांनी एक बोट वर केलं. रेडिओवर एक माणूस अर्धवट झोपेत असल्यासारखं काहीतरी सांगत होता, आणि मागे समुद्रासारखा गलका. घर आलं, गाडी ड्राइव्हवेमध्ये लागली, तरी काका उतरेनात. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं कुणीतरी सिरियस आहे. मग रेडिओतला गलका एकदम फुटला. काकांनी स्टिअरिंगवर हलकी थाप मारली आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं.

"सुटला," म्हणाले. "चल, काकू वाट बघतेय."

अडचणीतून सुटला तो डावरा. काकांचा लाडका पिचर. म्हणजे समोरच्या बॅटरला बॉल टाकणारा, आपल्या भाषेत बोलर, पण मैदानाच्या मधोमध मातीच्या उंचवट्यावर उभा राहून जागच्या जागी टाकणारा. त्याचं नाव मी सांगणार नाही. लपवायचं आहे असं नाही, पण काकांच्या घरात ते नाव कधी घेतलंच गेलं नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत ना, तसं. काकू काकांना "अहो" म्हणायच्या आणि काका त्याला "डावरा" म्हणायचे. मॅच चालू असताना नाव घेतलं की दृष्ट लागते, असा त्यांचा पक्का अनुभव होता. इंजिनिअर माणूस, शिकागोतल्या उंच उंच इमारतींच्या एअर कंडिशनिंगचे नकाशे काढणारा, पण इथे त्यांचं सायन्स संपायचं.

काकांच्या बेसमेंटमध्ये मी आधी पाहुणा म्हणून राहिलो, मग घरचा म्हणून. काकांची मुलगी तेव्हा कॉलेजला बाहेरगावी होती. मला तिने पहिल्या भेटीत "हाय" म्हटलं आणि दुसऱ्या भेटीत भाऊबीजेचं गिफ्ट मागितलं, म्हणून मी तिला ताई म्हणायला लागलो, ती माझ्याहून लहान असूनही. पुढे मला शिकागोत काम मिळालं. सकाळी मी आणि काका एकाच ट्रेनने जायचो. बाहेर बर्फाची शेतं, आत गरम हीटर, सगळे गोरे लोक पेपरमागे गुडुप, आणि काका मला डावऱ्याचं चरित्र सांगतायत. लहानपणी आपण रामायण ऐकलं तसं. सलग कधीच नाही. आज वनवास, उद्या एकदम सेतू.

मी ते तुकडे जोडून ठेवलेत. डावरा मक्याच्या शेतांमधल्या एका छोट्या गावातला. एकच रस्ता, एकच सिग्नल. काका हे असं सांगायचे की मला वाटायचं तो कुर्डुवाडीच्या अलीकडेच कुठेतरी राहत असणार. आला तेव्हा भयंकर फास्ट होता, पण बॉल कुठे जाईल ते त्यालाच माहीत नसायचं. बॅटर लोक त्याच्यासमोर उभं राहायच्या आधी छातीवर क्रॉस करून घ्यायचे. एकदा म्हणे त्याचा बॉल थेट हॉटडॉग विकणाऱ्याच्या ट्रेमध्ये गेला. हे खरं का, असं मी विचारलं तर काका म्हणाले, रेडिओवर ऐकलंय. मग त्याला खालच्या लीगमध्ये पाठवून दिलं. तिथे एक म्हातारा कोच भेटला, त्याने सांगितलं की तू बॉल फेकतोस, तो फेकायचा नसतो, सोडायचा असतो. काका इथे आपला डावा हात वर न्यायचे आणि बोटं अलगद उघडायचे. समोरच्या सीटवरची बाई पेपर खाली करून बघायची.

डावरा परत आला तो वेगळा होऊन. त्याचा कर्व्हबॉल बॅटरच्या खांद्यावर येतोय असं वाटायचं आणि गुडघ्यापाशी जाऊन बसायचा. मग ती सगळी सोन्याची वर्षं. काकांच्या घरात कॅलेंडर त्याच्यावर चालायचं. त्याने फायनल जिंकून दिली त्या साली हे घर घेतलं. त्याला दुसऱ्या शहराने पळवलं त्या साली काकांची नोकरी गेली होती, आणि दोघांनीही मनाला लावून घेतलं. त्याच्या कोपराचं ऑपरेशन झालं त्याच उन्हाळ्यात काकांची आई गेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा हात संपला. सबंध एक सीझन डावरा घरी बसला. आणि मग परत त्या मातीच्या ढिगावर येऊन उभा राहिला, फास्ट बॉल नाही, काही नाही, नुसत्या अकलेवर.

मी बघितला तो हा नंतरचा डावरा. पोट सुटलेलं, दाढी अर्धी पांढरी. टीव्हीवर त्याला पाहिल्या पाहिल्या माझे हात शिवशिवायला लागले. नक्कल करणाऱ्याला असा माणूस म्हणजे फुकटचं जेवण. टाकायच्या आधी तो टोपी काढून आत बघायचा, जणू आत कुणीतरी उत्तर लिहून ठेवलंय. मग पट्टा वर ओढायचा. मग तोंडातलं सूर्यफुलाच्या बियांचं साल उजवीकडे थुंकायचा. मग पहिल्या बेसवरच्या माणसाकडे असा बघायचा की जसं शेजारीण पडद्याआडून बघते, कोण आलं, कोण गेलं. मग उजवा पाय वर. आणि हात सगळ्यात शेवटी, लग्नात जेवण झाल्यावर उगवणाऱ्या पाहुण्यासारखा.

बेसमेंटमध्ये मी हे पहिल्यांदा करून दाखवलं तेव्हा काकूंना हसून हसून ठसका लागला. काकांनी मात्र परीक्षकासारखं बघितलं आणि म्हणाले की तू आरशातला दिसतोस. कारण मी उजवा. पुढची सगळी वर्षं ते मला सुधारत राहिले. खांदा आधी वळतो. मान स्थिर असते. पाय इतका वर नाही, त्याचा आता गुडघा दुखतो. शनिवारी इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या लोकांसमोर मी करायचो तेव्हा काका मागून हळू आवाजात सूचना द्यायचे, नाटकातल्या प्रॉम्प्टरसारख्या.

प्रत्यक्ष बघायला एकदाच गेलो. दोन हजार चारचा उन्हाळा असेल. डावऱ्याची टीम शिकागोला आली होती. काकूंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. गेटवरच्या माणसाने डबा उघडून वास घेतला, विचारात पडला आणि झाकण लावून परत दिला. आमच्या सीट इतक्या वर होत्या की मधून विमान गेलं असतं. खाली तो एवढासा, भाताच्या शितासारखा. पण त्याने टोपी काढून आत बघितलं आणि मला इतक्या लांबून सुद्धा कळलं. त्या दिवशी त्याचा एकही बॉल फास्ट नव्हता. शेजारचा शिकागोवाला त्याला वाटेल ते बोलत होता, म्हाताऱ्या घरी जा, वगैरे. पोरगेलेसे बॅटर यायचे, बॉल पोचायच्या आधीच बॅट फिरवायचे आणि स्वतःवरच चिडून परत जायचे. त्याला बाहेर काढलं तेव्हा तो मान खाली घालून चालत निघाला, आणि तोच शेजारचा माणूस उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. काका उभे राहिले नाहीत. दशमी हातात धरून तसेच बसले होते. डाव्या हातात. माझ्या ते तेव्हाच लक्षात आलं होतं.

कारण ती गोष्ट मला माहीत होती. काका स्वतः जन्माचे डावरे. त्यांचे वडील कडक. पोरगं डाव्या हाताने जेवतं म्हणजे घराला काय म्हणतील लोक. जेवायला बसलं की वडील त्यांचा डावा हात पंच्याने पाठीशी बांधायचे आणि समोर बसून राहायचे. बघता बघता हात बदलला. काका उजव्याने लिहायचे, उजव्याने जेवायचे, प्रसाद उजव्याने घ्यायचे. फक्त बॅग उचलणं, बरणी उघडणं, कॅरमचा स्ट्रायकर, यात तो जुना हात राहून गेला होता. आणि बेसमेंटमध्ये मॅच बघताना शेंगदाणे खाण्यात. तिथे लक्ष टीव्हीवर असायचं, आणि हात आपला आपण डावा व्हायचा. हे सगळं काकांनी मला ट्रेनमध्ये सांगितलं होतं, हसत हसत. वडिलांचा राग नव्हता त्यांना. म्हणायचे, त्या काळात तसंच होतं रे. पण डाव्याने खाणं म्हणजे उघडं फिरण्यासारखं वाटतं, असंही म्हणायचे.

दोन हजार सातच्या शेवटी डावऱ्याने रिटायरमेंट जाहीर केली. टेबलामागे कोट घालून बसला होता. टोपी नव्हती, त्यामुळे बघायचं कुठे हे त्याला कळत नव्हतं. काकांनी त्याचं बोलणं पूर्ण व्हायच्या आत टीव्ही बंद केला आणि फावडं घेऊन बर्फ काढायला गेले. बर्फ फारसा पडलाही नव्हता. त्या हिवाळ्यात काकांनी चरित्रातला एकही तुकडा सांगितला नाही. ट्रेनमध्ये ते पण पेपर वाचायला लागले.

आणि मार्च संपता संपता, आता हिवाळा गेला म्हणून सगळ्यांनी जाड बूट आत टाकल्यावर, रात्रीतून बर्फाची पातळ काच पसरली. काका पेपर उचलायला चपला घालून ड्राइव्हवेवर गेले आणि घसरले. उजवं मनगट मोडलं. बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टर.

ऑफिसात त्यांचं अडलं नाही. सँडविच दोन्ही हातांनी खातात, त्यामुळे सँडविचला डावं उजवं नसतं, असं काकांचं लॉजिक. पण घरी जेवायला बसले की तोच जुना पंचा कुठूनतरी येऊन डाव्या हाताला बसायचा. काकू घास भरवायच्या. मी म्हटलं, काका, चमच्याने खा ना, अख्खी अमेरिका खाते. ते म्हणाले, चमचा कुठल्या हातात आहे ते बघ. चार घास झाले की पोट भरलं म्हणून उठायचे. गळ्याची हाडं दिसायला लागली. लोकांकडे जेवायला जाणं त्यांनी बंद केलं. मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रमही चुकवला, आणि काका पाडव्याचं श्रीखंड चुकवतात म्हणजे काय ते त्यांना ओळखणाऱ्यांनाच कळेल.

हे सगळं नेमकं नको तेव्हा झालं होतं. ताईचं लग्न ठरलं होतं. ती तेव्हा ह्यूस्टनजवळ शुगर लँडला नोकरी करायची, मुलगाही तिथलाच. त्याचे आईवडील नाशिकहून यायचे होते आणि एप्रिलमधल्या एका रविवारी सगळे पहिल्यांदा काकांकडे जेवायला येणार होते. होणारे व्याही, पहिलं जेवण. काकूंनी आठवडाभर आधीपासून बेसन भाजायला घेतलं. ताईने फोनवर काकांना एकच गोष्ट मागितली, की तुम्ही माझ्या शेजारी बसून जेवायचं. तिकडची मंडळी म्हणे बोलली होती की मुलीचे वडील अजून एकदाही मोकळं बोलले नाहीत, त्यांना हे स्थळ पसंत आहे ना. पसंत होतं. काकांना मुलगा अगदी मनापासून आवडला होता. पण व्याह्यांसमोर बायकोच्या हातून घास घ्यायचा, की डाव्या हाताने जेवायचं? दोन्ही त्यांना मरणासारखं वाटत होतं. शनिवारी संध्याकाळी त्यांनी काकूंना निर्णय सांगितला. ते उभे राहून सगळ्यांचं बघतील, आणि विचारलं तर उपास आहे म्हणतील. मी एव्हाना जवळच वेगळं घर घेतलं होतं, म्हणून काकूंनी मला फोन करून बोलावलं, उद्या ये, गप्पागोष्टी तरी चालू राहतील. म्हणजे माझी नेमणूक बडबड करायला झाली होती. बाकी कुठलीही योजना माझ्या डोक्यात नव्हती, हे मी इथे लिहून ठेवतो, कारण पुढे लोकांनी मला उगाच हुशार ठरवलं.

रविवारी डायनिंग टेबलाला मंडळाचं फोल्डिंग टेबल जोडलं होतं, वर एक लांब चादर. व्याही प्राध्यापक म्हणून रिटायर झालेले, बारीक, क्रिकेटचे वेडे. विहीणबाई ठसठशीत, कमी बोलणाऱ्या, सगळीकडे नीट बघणाऱ्या. ताटं वाढली गेली. ताईच्या शेजारची खुर्ची रिकामी. काका प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून खिडकीपाशी उभे.

"तुम्ही बसा ना," व्याही म्हणाले.

"माझा आज उपास आहे."

"रविवारी?" विहीणबाईंनी विचारलं.

"आमच्यात असतो," काका म्हणाले.

आमच्यात रविवारी मटण असतं. मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. ताई ताटाकडे बघत होती. हळूच म्हणाली, "बाबा, इट्स माय लंच." मुलाने तिच्याकडे बघितलं, मग आपल्या आईकडे बघितलं. विहीणबाईंनी घास कालवला पण उचलला नाही. काकू वरणाचं भांडं घेऊन मधेच थांबल्या. ते सगळं टेबल त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होतं, आणि काका खिडकीबाहेर.

व्याही भले माणूस. त्यांनी विषय काढला, की इथे क्रिकेट नाही, मग तुमचं कसं होतं, काय बघता तुम्ही? काका म्हणाले, बेसबॉल बघायचो, आता नाही बघत. आणि पुन्हा शांतता. मला शांतता सहन होत नाही, हा माझा आजार आहे. मी म्हटलं, काकांचा एक डावरा होता, थांबा, दाखवतो. आणि उठलो.

टोपी नव्हती, म्हणून रिकामी वाटी डोक्यावरून काढून आत बघितलं. पट्टा ओढला. साल थुंकलो, अर्थात खोटं खोटं, पण उजवीकडे विहीणबाई बसल्या आहेत हे माझ्या लक्षात राहिलं नाही. त्यांनी पदर आवरला. शेजारणीसारखं पडद्याआडून बघितलं, तेव्हा व्याही खो खो हसले. मुलगा हसला, मग ताई पण, नाईलाजाने. बॉल हवा म्हणून मी ताटातला बेसनाचा लाडू उचलला आणि म्हटलं, आता कर्व्हबॉल, हा असा धरतात.

"चूक," खिडकीतून आवाज आला.

मी म्हटलं, मग कसा?

"बोटं तशी नसतात. शिवणीवर असतात. किती वेळा सांगितलं तुला?"

"काका, लाडवाला शिवण कुठून आणू?"

"इकडे दे."

काका टेबलापाशी आले. उजवा हात गळ्यात. त्यांनी डावा पुढे केला आणि मी त्यात लाडू ठेवला. त्यांनी तो न बघता फिरवला, दोन बोटं वर जोडून, अंगठा खाली. व्याह्यांना म्हणाले, हे बघा, सगळी ताकद मधल्या बोटात, आणि शेवटी मनगट असं खाली. व्याही पुढे वाकले, त्यांनाही आपला ऑफस्पिन आठवला असणार. काकांनी हात वर नेला, खांदा वळवला. त्या क्षणी ते काका नव्हते, तो होता, हुबेहूब. इतकी वर्षं मी जे आरशातलं करत होतो ते हे होतं.

काकूंच्या बेसनात तूप सढळ. लाडू मनगटापाशी आला आणि फुटला. अर्धा कार्पेटवर, अर्धा तळहातात. आणि तळहातातला खाली पडू नये म्हणून काकांनी तो चटकन तोंडात टाकला. शेंगदाणे टाकावेत तसा.

मग त्यांच्या लक्षात आलं. तोंड भरलेलं, बोटं तुपाने माखलेली, समोर व्याही. ना गिळवत, ना बोलवत. मी खाली बघत होतो. काकूंनी भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

विहीणबाई उठल्या. डाव्या हाताने पदर खोचला, काकूंच्या हातातली वरणाची पळी घेतली आणि काकांकडे बघून म्हणाल्या, "हात खरकटा झाला आता. खरकट्या हाताने असं उभं राहू नये. बसा. मी वाढते."

उपास मोडलेला. हात खरकटा झालेला, आणि खरकटा हात कशाला लावायचा नाही. धुवायला जावं तर नळ उघडायला दुसरा हात नाही. लहानपणापासूनचे सगळे नियम एका बाजूला झाले होते आणि वडिलांचा एकच नियम दुसऱ्या बाजूला उरला होता. काका अजून उभेच होते. मग ताईने त्यांची खुर्ची पायाने मागे सरकवली. आणि त्यांच्यासाठी मांडलेलं ताट तिने दोन्ही हातांनी धरून अर्धं फिरवलं, आमटीची वाटी त्यांच्या डाव्या हाताशी येईल असं.

काका बसले.

पहिला घास करताना शितं सांडली. हात जेवणाचं विसरला होता, कालवणं त्याला येईना. सगळ्यांनी एकदम आपापल्या ताटात बघायला सुरुवात केली, इतकी मोठ्याने की ऐकू येत होतं. मग व्याह्यांनी विचारलं, तो कर्व्ह नक्की वळतो कधी, निघताना की पोचताना? आणि काका, तोंडात भात असताना, सांगायला लागले. मक्याच्या शेतापासून. हॉटडॉगवाला, खालची लीग, म्हातारा कोच, घर घेतलं ते साल, आई गेली तो उन्हाळा. या वेळी पहिल्यांदा सलग. रिटायर झाला त्या दिवशीपर्यंत आले, तिथे जरा थांबले, आमटी प्यायले, आणि म्हणाले की कोट त्याला अजिबात शोभत नव्हता. ताई त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसली होती. मुलाने विचारलं की त्याच्या जुन्या मॅचेस कुठे मिळतील का बघायला. काका त्याला म्हणाले, आधी जेव, मग खाली चल, टेप आहेत. मोकळं बोलत नाहीत म्हणे.

विहीणबाई काकांना वाढत राहिल्या. निघताना त्यांनी काकूंना एवढंच सांगितलं की तुमचे लाडू फार छान झालेत, फक्त बॉल करायला नाजूक आहेत.

पाहुणे बेसमेंटमध्ये टेप बघायला गेले तेव्हा काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. मी शाबासकीच्या तयारीने गेलो.

"काय रे माकडा," काकू म्हणाल्या, "विहीणबाईंच्या अंगावर थुंकतोस? पहिल्यांदा आल्यात त्या घरी. काय म्हणत असतील, कुठल्या गावचं पोर पोसलंय यांनी?"

मी म्हटलं, खोटं थुंकलो. त्या म्हणाल्या, खोटं का होईना, तोंड तिकडे होतं की नाही? मग कार्पेट. कार्पेटमध्ये तूप गेलंय, आता शाम्पू तू आणायचा आणि घासायचा पण तूच. मग डोक्यावर घेतलेली वाटी. ती चांदीची होती, जावयासाठी काढलेली. अन्नाशी खेळ हा स्वतंत्र मुद्दा होता, त्यावर बराच वेळ गेला. मी मान खाली घालून उभा, हेडमास्तरांसमोर उभा राहायचो तसा. नक्कल करायची इच्छा होत होती, दाबली.

खालून काका मोठ्याने काहीतरी सांगत होते आणि व्याही हसत होते. काकू थांबल्या. हातातल्या भाताच्या पातेल्याकडे बघितलं. ते रिकामं होतं.

"तिसऱ्यांदा भात मागून घेतला ह्यांनी," त्या म्हणाल्या. "मी रोज भरवतेय, तर चार घासांत तोंड फिरवायचे. अंगावरचे शर्ट ढगळ झाले. रोज देवाला सांगत होते मी, काहीतरी कर." त्यांनी पातेलं सिंकमध्ये आदळलं आणि पदराने डोळे पुसून पुन्हा माझ्याकडे वळल्या. "आणि तुला एवढं येत होतं, तर महिनाभर कुठे तडमडला होतास रे?"